आत्याची घार

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी आत्याकडे गेलो होतो. तिळगूळ द्यायचा राहिला होता, आणि तो रथसप्तमीपर्यंत चालतो हा आमच्या घराण्यातल्या आळशी माणसांचा जुना आधार. जाताना पेनड्राइव्ह नेला होता. महिन्याभरात काढलेले फोटो आत्याला टीव्हीवर दाखवायचे हा आमचा ठरलेला कार्यक्रम आहे. ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसते, मी रिमोट धरतो, वहिनी चहा टाकते आणि आत्या फोटोगणिक शेरे मारते. शेरे बहुतेक वेळा फोटोबद्दल नसतातच. मी तासभर थांबून टिपलेला प्रकाश तिला दिसत नाही. तिला दिसतं ते घाटावर वाळत घातलेलं लुगडं आणि त्याचा नीट ओढलेला काठ. त्या दिवशी मात्र ती नाशिकच्या नारोशंकराच्या देवळाच्या फोटोवर अडकली. रामकुंडाच्या खालच्या अंगाला उभं राहून, भर उन्हात, पाणी, पायऱ्या आणि शिखर एकात एक बसवून काढलेला फोटो. माझ्या मते त्या महिन्यातला सगळ्यात जमलेला. आत्या पुढे झुकली आणि शिखराच्या उजवीकडे आकाशात बोट रोखून म्हणाली, “घार. बघ की कशी तरंगतेय.”

खरंच होती. लहानशी, मध्ये जरा जाड, दोन्ही बाजूंना निमुळती होत गेलेली, किंचित वाकलेली. फोटो काढताना मला दिसली नव्हती, पण असं होतं कधीकधी. मी खूश होऊन पुढचा फोटो लावला. नांदूर मध्यमेश्वरचा, गोदावरी आणि कादवेचं अडवलेलं पाणी, वर मोठं रिकामं आकाश. “इथंही आलीय,” आत्या म्हणाली. त्याच्या पुढचा पांडवलेणीच्या पायऱ्यांवरून दिसणाऱ्या शहराचा. “आणि ही इथंही.” तिचा आवाज कौतुकाचा होता. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. नांदूर मध्यमेश्वर शहरापासून दीड तासावर, पांडवलेणी दुसऱ्या टोकाला, आणि घार मात्र तिन्ही फोटोंत उजव्या कोपऱ्यात तेवढ्याच उंचीवर, तशीच डावा पंख खाली टाकून.

मी रिमोटचं बटण जरा घाईनं दाबलं. पुढचे फोटो पक्ष्यांचे होते, त्यात काही नव्हतं. निघताना आत्या म्हणाली, “तो नारोशंकराचा मोठा करून दे मला. फ्रेम करून इथं लावू. घारीसकट दे हं.”

मी हो म्हणालो.

ज्यांनी कधी लेन्स बदलायचा कॅमेरा वापरलाय त्यांना एव्हाना कळलं असेल. घार नव्हती. सेन्सरवर, म्हणजे फिल्मच्या जागी बसून उजेड टिपणाऱ्या तुकड्यावर, कचरा बसला होता. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा, एखाद्या टपाल तिकिटाएवढा. त्यावर २ कोटी ४० लाख बारीक डोळे, एकेक साधारण ६ मायक्रॉनचा. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, म्हणजे एक केस आडवा पडला तरी डझनभर डोळे झाकतो. पडलेला कचरा प्रत्यक्षात सेन्सरवर नसतोच; सेन्सरच्या पुढे काचेचा एक पातळ फिल्टर असतो, त्यावर तो बसतो आणि त्याची सावली मागे पडते. या किरकोळ वाटणाऱ्या अंतरामुळेच सगळा घोळ होतो. ट्यूबलाइटखाली दोरा धरला तर भिंतीवर त्याची सावली धड पडत नाही, पण लहानशा उघड्या बल्बसमोर धरला की रेघ उमटते. कॅमेऱ्याचं तसंच. लेन्सचं भोक मोठं ठेवलं, एफ २.८ किंवा ४ वर, तर उजेड चहूबाजूंनी येतो आणि कचऱ्याची सावली विरून जाते. भोक बारीक केलं, एफ १६ किंवा २२ वर नेलं, की तोच कचरा आकाशात घार होऊन फिरायला लागतो. पक्षी मी मोठ्या भोकावर टिपतो. नदी, घाट, आकाश लहान भोकावर. म्हणून पक्ष्यांच्या फोटोत घार नव्हती, हा विनोद मला घरी पोचल्यावर कळला. त्या वेळी हसू आलं नाही.

रात्री जेवण झाल्यावर कॉम्प्युटर उघडून बसलो आणि एक निरुद्योगी उद्योग सुरू केला. ही घार आली कधी? सगळे फोटो भोकाच्या आकड्यानुसार लावले आणि एफ ११ पासून पुढचे तेवढे मागे मागे बघत गेलो. संक्रांतीला येवल्याचे पतंग: घार आहे, पतंगांच्या गर्दीत बिनदोराची. डिसेंबरात लहान भोकावर एकही फोटो नाही. नोव्हेंबर, नाही. ऑक्टोबर, नाही. मग एकदम सप्टेंबर, गोदावरीला पूर आला त्या दिवशीचा. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कमरेपर्यंत पाणी, एफ १६, आकाश राखाडी आणि स्वच्छ. उजव्या कोपऱ्यात काही नाही. म्हणजे मारुतीची कंबर बुडाली त्या दिवसापासून येवल्याच्या संक्रांतीपर्यंत, या साडेतीन महिन्यांत कधीतरी ती आत शिरली. त्या काळातले पाचशेच्या वर फोटो माझ्याकडे आहेत, आणि सगळे मोठ्या भोकाचे. दिवाळी, भाच्याचं लग्न, अंधारे जिने, दिव्याखालचे चेहरे. घार त्या सगळ्यांत असणार. पण दिसत एकातही नाही.

त्याच साडेतीन महिन्यांत आमचा वाडा पडला.

आमचा म्हणजे आत्याच्या माहेरचा, म्हणजे माझ्या आजोबांचा. आम्ही सगळे तिथून कधीच बाहेर पडलो होतो. तांबट लेनच्या जवळ. लहानपणी सुट्टीत तिथं राहायला गेलो की पहाटे जाग यायची ती तांब्यावर पडणाऱ्या हातोड्यांनी. सुरुवातीला एक, मग त्यात दुसरा, मग ताल जमून जायचा आणि त्या तालावर पुन्हा झोप लागायची. अलीकडे त्या गल्लीत तो आवाज फार विरळ झालाय. वाडा गेली दोन-तीन वर्षं टेकू लावून उभा होता, दारावर धोकादायक इमारतीची नोटीस. दिवाळीनंतर पाडायला घेतला. आत्याला विचारलं, “येतेस का बघायला? एकदा शेवटचं.” ती म्हणाली, “पडताना काय बघायचं? उभा होता तेव्हा बघितलाय की.” मी एकटाच गेलो. माजघराचं छप्पर उतरवलं होतं आणि जिथं आयुष्यात कधी ऊन आलं नाही तिथं उन्हाचा एक जाड पट्टा तिरपा पडला होता. पांढऱ्या मातीच्या भिंती एकदा फुटल्या की दगडविटांसारख्या ढासळत नाहीत, त्यांचा भुगा होतो, आणि तो भुगा खाली बसायचं नावच घेत नाही. त्या उन्हाच्या पट्ट्यात तो नुसता वर-खाली होत होता. खांबावरच्या लाकडी हस्ताची नक्षी जवळून घ्यायची होती, म्हणून मी तिथंच, त्या धुळीत, उंबऱ्यावर बसून लेन्स बदलली. फोटो शिकवणारा कोणीही मला तिथं चपलेनं मारला असता.

तर रात्री अकरा वाजता कॉम्प्युटरसमोर माझी खात्री पटली की घार म्हणजे वाडा आहे. चार पिढ्यांच्या भिंतीतून सुटलेला एक कण, मातीत मळलेल्या तागाचा एखादा तंतू असेल, माझ्या कॅमेऱ्यात येऊन बसला आणि गेले तीन महिने मी जाईन तिथं बरोबर येतोय. मला ते इतकं आवडलं की मी उठून पाणी प्यायलो. आत्याला सांगायचं वाक्यसुद्धा मनात जुळवलं.

मग झोप येईना तेव्हा बाकीच्या शक्यता एकेक करून यायला लागल्या. त्याच काळात मामेभावाबरोबर लासलगावच्या बाजार समितीत गेलो होतो. ट्रॅक्टरमधून कांदा ओतला की त्याची गुलाबी टरफलं वाऱ्यावर उठतात आणि केसात, खिशात, चहाच्या ग्लासात जाऊन बसतात. लेन्स तिथंही बदलली होती. भाच्याच्या लग्नात अक्षता, पेपर ब्लास्टची चमकी, हॉलच्या गालिच्याची लव. झूम लेन्स पुढे-मागे करताना भात्यासारखी हवा आत ओढते, त्यातूनही येतं. आणि शटरची पाती, आरसा, हे आतले भाग स्वतःच्या घर्षणानं स्वतःचा कचरा तयार करतात. म्हणजे कॅमेरा कपाटात ठेवून दिला नाही, वापरला, एवढं कारणही पुरतं. सगळ्यात वाईट शक्यता पहाटे तीनला सुचली. नांदूर मध्यमेश्वरला पहाटे जाताना मी एक कानटोपी घालतो. निफाडच्या बाजूची थंडी माहीत असलेल्यांना तिचं समर्थन करायची गरज नाही. ती कानटोपी दहा वर्षांची आहे आणि तिची लोकर सुटते. आकार जुळत होता. जाडी जुळत होती. वाक तर फारच जुळत होता.

वाडा की कानटोपी, हे ठरवायला कुठलाच पुरावा नाही. फोटोंच्या आत नाही, बाहेरही नाही.

अकरावीच्या सुट्टीत मी मेन रोडच्या बाजूला एका स्टुडिओत कामाला जात असे. काम म्हणजे पाणी भरणं, ट्रे धुणं आणि डार्करूमच्या दारावर “उघडू नका” असं म्हणत उभं राहणं. तिथले काका लग्नाचे ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट करायचे. लाल दिवा, एनॅमलचे तीन ट्रे, हायपोचा तो नाकात बसणारा आंबट वास. दुपारी डबा खाताना भेंडीलाही तोच वास यायचा. त्या काळात धूळ फोटोत पांढरी दिसायची. निगेटिव्हवर कण बसला की त्याच्यापुरता उजेड अडायचा, कागदावर तेवढी जागा कोरी राहायची. नवरीच्या केसात, नवरदेवाच्या काळ्या कोटावर पांढरे ठिपके. प्रिंट वाळले की काका खिडकीशी बसायचे, तीन शून्यांचा ब्रश जिभेवर फिरवून त्याला टोक आणायचे, बशीतल्या रंगात बुडवायचे आणि एकेक ठिपका भरत जायचे. एका दमात नाही. आधी फिका, वाळू द्यायचा, मग थोडा गडद. मी एकदा विचारलं, “काका, एवढं कोण बघतं?” ते म्हणाले, “नवरीची सासू.” दिवसभरात त्यांच्या जिभेला करडा रंग चढायचा. पण तेव्हा एक सोय होती. धूळ बसली तरी ती एका फ्रेमपुरती. रिळाचं पुढचं घर कोरं असायचं, दर फोटोला नवी फिल्म म्हणजे नवा सेन्सरच म्हणा ना. आता एकच सेन्सर जन्मभर पुरवायचा आणि त्यानं पाहिलेल्या प्रत्येक गोष्टीत तो कचरा मुकाट्यानं हजेरी लावणार. आणि आता धूळ काळी दिसते. हा उलटा न्याय मला फार उशिरा लक्षात आला.

कॅमेरा बनवणाऱ्यांनाही हे दुखणं माहीत आहे. २००३ साली ऑलिंपसनं पहिल्यांदा सेन्सरपुढचा फिल्टर वेगानं थरथरवून धूळ झाडायची युक्ती कॅमेऱ्यात बसवली. आता बहुतेकांत असते. कॅमेरा सुरू केला की आतल्या आत तो अंग झटकतो, नदीतून बाहेर आलेल्या कुत्र्यासारखा. कोरडी धूळ पडते. दमट हवेत चिकटलेली पडत नाही, आणि आमच्या घारीवर झटकण्याचा काही परिणाम झाला नव्हता. मग दोन रस्ते. सर्व्हिस सेंटरला द्यायचा आणि आठवडाभर हात चोळत बसायचं, नाहीतर स्वतः करायचं. स्वतः करण्याचा माझा इतिहास उज्ज्वल नाही. पहिला डिजिटल कॅमेरा घेतला तेव्हा लेन्स काढून, चष्म्याच्या काचेवर मारतात तशी, मी आत तोंडानं फुंकर मारली होती. एक ठिपका होता त्याचे थुंकीचे सतरा झाले. त्या वेळी दुरुस्तीवाल्यानं बिल देताना माझ्याकडे जसं पाहिलं, तसं मी शाळेत गणिताच्या सरांनंतर कोणाला पाहू दिलं नव्हतं. हवेचा दाबलेला डबा हाही असाच सापळा. त्यातून हवेबरोबर थंडगार द्रव उडतो आणि काचेवर डाग ठेवून जातो.

आता पद्धत येते. आली, म्हणून भीती गेली असं नाही. बाथरूममध्ये पाच मिनिटं गरम पाण्याचा शॉवर सोडायचा, वाफ हवेतली धूळ घेऊन खाली बसते. वाफ निवळली की आत जायचं. सुती शर्ट काढून ठेवायचा, कारण शर्टाची लव हीच मोठी वैरीण. म्हणजे दृश्य असं: पन्नाशी ओलांडलेला, उघड्या अंगाचा इसम, कपाळाला गिर्यारोहकांचा दिवा बांधून, बादली उपडी घालून त्यावर टॉवेल आणि टॉवेलवर कॅमेरा ठेवून बसलेला. बायकोनं दार ढकललं, पाहिलं आणि काही न बोलता लावून घेतलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली की प्रश्न कमी होतात.

बॅटरी पूर्ण भरलेली हवी. मेनूतून सेन्सर साफ करण्याचा पर्याय निवडला की आरसा खट्कन वर जातो आणि शटर उघडून राहतं, आणि ते सगळं बॅटरीच्या जिवावर तोललेलं असतं. मध्येच ती संपली तर आरसा खाली येऊन तुमच्या हातातल्या काडीवर आदळणार. आत दिवा मारला. सेन्सर दर वेळी मला जरा थबकवतो. काळा वाटावा असा, पण मान हलवली की त्यावर मोरपंखी, मग तांबूस झाक सरकते. विहिरीत वाकून बघितल्यासारखं. आपण एवढी वर्षं ज्यातून बघतो ते हे, आणि ते आपल्याकडे बघतंय असा एक मूर्ख विचार येतोच. लेन्समधून प्रतिमा उलटी पडते, म्हणून फोटोत वर उजवीकडे असलेली घार कॅमेऱ्यात समोरून पाहताना खाली उजवीकडे असायला हवी. तिथं पाहिलं. भिंग लावून पाहिलं. काही दिसलं नाही. टीव्हीवर सोफ्यावरूनही सहज दिसणारी घार तिच्या घरट्यात दिसेना.

आधी कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे करून रबरी ब्लोअरनं हवा मारली, नळी आत न नेता. पाच-सहा फुसके. भिंतीचा एफ २२ वर फोटो काढला. घार जागेवर, वर आणखी दोन पाहुणे. मग ओली सफाई. सेन्सरच्या रुंदीचा, २४ मिलिमीटरचा, बंद पाकिटातला स्वॅब. त्याच्या कडेवर मिथेनॉलचे दोनच थेंब. तिसरा पडला तर ओघळाची रेघ राहते. मग एका टोकाला टेकवायचा आणि न थांबता, न दाबता, एका दमात पलीकडच्या टोकापर्यंत न्यायचा. बाजू पालटून तसाच परत. झालं. दोन सेकंदांचं काम. त्या दोन सेकंदांत मी श्वास घेत नाही, आणि मला वाटतं हृदयही सभ्यपणे थांबत असावं. पुन्हा भिंत, पुन्हा एफ २२. स्वच्छ. वरचा उजवा कोपरा असा पांढरा की तिथं कधी कोणी नव्हतंच.

स्वॅब फेकण्याआधी दिव्याखाली धरला. आता तरी कळेल म्हणून. पांढऱ्या कापडाच्या कडेला एक अगदी फिकी, करड्या रंगाची ओळ होती, अर्धा सेंटिमीटरची. तंतू नव्हता. माती नव्हती. लोकरही नव्हती. कदाचित तिसऱ्या फुसक्यालाच ती उडून बाथरूमच्या कुठल्या फरशीवर पडली असेल आणि ओळ पाहुण्यांची असेल. मी फरशीवर दिवा मारून वाकून पाहिलं. मग माझं मलाच कसंतरी झालं. शर्ट घातला.

प्रिंटचा प्रश्न राहिला. कॉम्प्युटरवर ठिपका काढायला एक टिचकी पुरते. कर्सर नेला, आकाश भरून आलं, घार गेली. काका असते तर करड्या जिभेनं काही बोलले असते. मी टिचकी मागे घेतली. पुन्हा घार. पुन्हा काढली. असं तीन वेळा केलं आणि तिसऱ्या वेळी कंटाळून फाइल आहे तशी छापायला पाठवली. फार विचार करून नाही. आत्यानं घारीसकट मागितला होता, आणि खोटा पक्षी काढून खरं आकाश द्यावं तर तेही मी शेजारच्या आकाशातून उचलून चिकटवलेलं असणार होतं.

पुढच्या रविवारी घेऊन गेलो. आत्यानं प्रिंट हातात धरला, लांब केला, जवळ आणला. तिचे दोन्ही मोतीबिंदू गेल्या वर्षी काढले. काढल्यानंतरचा पहिला आठवडा वहिनी अजून विसरलेली नाही, कारण पट्टी निघाली तशी आत्याला सगळ्या घरातली धूळ दिसायला लागली. पंख्याच्या पात्यांवरची, देव्हाऱ्यामागची, टीव्हीखालची. वहिनी म्हणायची, अहो आई, ती आधीपासून आहे. आणि आरशात पाहून आत्या स्वतःच्या सुरकुत्यांबद्दलही तेच म्हणाली होती म्हणे: ह्या आधीपासून होत्या?

मला राहवेना. म्हटलं, “आत्या, एक सांगायचंय. ती घार नाहीये. कॅमेऱ्यात कचरा होता. मी आता काढलाय.”

“माहितीय,” ती म्हणाली.

“माहितीय?”

“तिसऱ्या फोटोलाच कळलं. घार कधी एका जागी दोनदा दिसते का?”

“मग बोलली का नाहीस?”

“तू कुठं बोललास?”

वहिनी स्वयंपाकघरातून हसली. आत्यानं प्रिंट मांडीवर ठेवला आणि मला समजावून सांगायला लागली, मी तिसरीत असताना पाढे समजावायची त्या सुरात. तिच्या डोळ्यातही आहेत. तीन. एक केसासारखा, एक डास, एक नुसताच ठिपका. डॉक्टरांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले वयाचं आहे, डोळ्यातला घट्ट रस पातळ होत जातो, त्यातल्या तंतूंच्या गुठळ्या होतात आणि त्यांची सावली आत पडद्यावर पडते, काही करायचं नाही. खोलीत त्रास देत नाहीत. भर उन्हात गच्चीत गेलं, आकाशाकडे पाहिलं की तिन्ही हजर. मला आठवलं, उन्हात बाहुली आकसते. बारीक भोक, ठळक सावली, एफ २२. आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, “असेल. पण माझ्या हलतात. डोळा फिरवला की पळतात, थांबला की हळूच खाली येतात. तुझी ती ढिम्म होती. म्हणून ओळखली.”

पांडवलेणीच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे. फाळके मूळचे त्र्यंबकचे, जन्म १८७० चा. सिनेमाच्या ध्यासात एवढा वेळ पडद्याकडे आणि फिल्मकडे पाहत बसले की काही काळ त्यांची दृष्टी गेली होती, उपचारानंतर परत आली. सिनेमासाठी पैसे मिळावेत म्हणून त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाचं रोज थोडं थोडं चित्रीकरण करून त्याची वाढ पडद्यावर दाखवली होती. त्या दिवशी घरी जाताना मी उगाचच विचार करत होतो की त्या महिन्याभरात कॅमेऱ्याच्या चौकटीत एखादं कुसळ अडकलं असतं तर वाटाण्याशेजारी तेही सगळ्यांना दिसलं असतं, न वाढता. असले विचार मला सध्या फार येतात. सिंहस्थासाठी शहरात जिकडेतिकडे खोदून ठेवलंय आणि स्कूटरवर रुमाल बांधूनही दातांखाली नाशिक कुरकुरतं, त्याचाही परिणाम असेल.

पण ते नंतर. आधी मी आत्याला विचारलं, “घार नाही हे कळलं होतं, तर मग घारीसकट कशाला मागितलास?”

“घाटावर घार असतेच,” ती म्हणाली. “आमच्या वाड्यावर तर होतीच. मी सातवीत होते. होळीची पुरणपोळी ताटात घेऊन चौकात बसले होते आणि ती वरून आली आणि उचलून घेऊन गेली. तिचं नख इथं लागलं होतं.” तिनं मनगट पुढे केलं. मी पाहिलं. कातडीवर इतक्या रेषा होत्या की त्यातली कोणती घारीची ते कळेना, पण मी मान हलवली. “आजोबा तुझे काय म्हणाले असतील? म्हणे, तुपाची होती का? म्हटलं हो. तर म्हणे, मग बरोबर आहे.” आणि ती स्वतःच हसत बसली. रंगपंचमीला त्याच चौकाच्या गच्चीवरून ती रहाडीतले धप्पे बघायची. वर्षभर रस्त्याखाली बुजवून ठेवलेला हौद उघडायचे, फुलांचा रंग उकळून ओतायचे, पोरं वरून धाडधाड उड्या घ्यायची आणि रंगाचा फवारा दुसऱ्या मजल्यापर्यंत यायचा. हे ती मला पन्नासाव्यांदा सांगत होती. त्या रंगाच्या भीतीनं मी रहाडीवर कॅमेरा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून नेतो आणि तिथं जन्मात लेन्स बदलत नाही.

वाड्याच्या धुळीचं ते जुळवलेलं वाक्य मी काही बोललो नाही. कानटोपीही माझ्या खिशातच होती.

फ्रेमवाल्याकडे द्यायचा म्हणून वहिनीनं प्रिंट कागदात गुंडाळला. निघण्याआधी आत्या म्हणाली, “साफ केलास ना, बघू मग.” तिला गॅलरीत नेलं. दुपारचे बारा, आकाश जळत होतं. तिनं कपाळावर हात धरून वर पाहिलं, बहुधा आपल्या तिघांना भेटायला. मी एफ २२ ठेवून रिकाम्या आकाशाचे लागोपाठ दोन फोटो काढले आणि पडदा हाताच्या सावलीत धरून तिला दाखवला. पहिल्यात डावीकडे, खाली, एक लहानसा काळा ठिपका होता. माझ्या पोटात खड्डा पडला. आत्यानं पडद्यावर बोट टेकवलं आणि म्हणाली, “दुसरा लाव.”

दुसरा लावला. ठिपका बोटभर उजवीकडे सरकला होता.

“हं,” आत्या म्हणाली, आणि आत गेली.